ताऱ्यांचे एक्स-रे कोण काढतं?

आत्याचं मनगट मोडलं त्या आठवड्यातली गोष्ट. बाथरूममध्ये पाय घसरला, हातावर पडली, एक्स-रे काढला, प्लास्टर घातलं आणि मग दुसरं काही करता येत नाही म्हणून दिवसभर मोबाईल. फॅमिली ग्रुपवर कुणीतरी एक जांभळा-हिरवा धुरकट गोळा पाठवला होता, खाली लिहिलेलं, नासाने काढला ताऱ्याचा एक्स-रे. आत्याने तो फोटो माझ्यासमोर धरला आणि म्हणाली, "काय गं, याचं काय मोडलंय?"

मी हसले, पण उत्तर द्यायला गेले तर माझीच दांडी गुल. ताऱ्याचा एक्स-रे म्हणजे नक्की काय? मशीन कुठे लावलं? आणि ब्लॅक होलमधून उजेडही बाहेर येत नाही म्हणतात, मग ब्लॅक होलचे एक्स-रे फोटो कुठून येतात? तेव्हापासून हे डोक्यात बसलंय, बरंच वाचून झालंय, आणि आता जेवढं समजलं तेवढं इथे लिहिते.

आपण ताऱ्यावर काही मारत नाही

दवाखान्यात काय होतं ते आधी बघू. एका बाजूला मशीन असतं, ते एक्स-रे सोडतं, मधे आपला हात आणि हाताखाली प्लेट. मांसातून किरण बऱ्यापैकी आरपार जातात, हाडातलं कॅल्शियम मात्र त्यांना अडवतं, म्हणून प्लेटवर हाडांची आकृती उमटते. थोडक्यात तो फोटो सावलीचा असतो. (कॅल्शियम लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.)

आकाशात असलं काही नाही. तिथे मशीन आपलं नसतंच, जे काय धगधगतंय तेच स्वतः एक्स-रे सोडतं आणि आपल्याकडे असते फक्त प्लेट. म्हणजे तो ताऱ्याच्या आतला फोटो वगैरे नाही, तर जसा रात्री दिव्याचा फोटो काढतो तसाच हा पण फोटो, फक्त दिवा अशा उजेडाचा जो आपल्या डोळ्यांना दिसत नाही.

कारण एक्स-रे हा उजेडच आहे. रेडिओच्या लहरी, मोबाईलचा सिग्नल, चुलीची धग, दिसणारा प्रकाश, एक्स-रे, सगळी एकाच घरातली मंडळी, फरक फक्त ताकदीचा. एक लांबच लांब हार्मोनियम डोळ्यासमोर आणा. लाल ते जांभळा म्हणजे आपल्या डोळ्यांना कळणारा सगळा उजेड त्या हार्मोनियमवर जेमतेम एका सप्तकाएवढा बसतो, आणि एक्स-रे तिथून साधारण दहा सप्तकं वर. आकाशात पूर्ण कीबोर्ड वाजत होता आणि माणूस हजारो वर्षं एकच सप्तक ऐकत बसला होता. रॉन्टगेनला हे किरण सापडले 1895 मध्ये, त्यावर त्याला 1901 चं भौतिकशास्त्रातलं पहिलंच नोबेल मिळालं, पण आकाशाकडे एक्स-रेच्या नजरेने बघायला पुढे अजून अर्धं शतक गेलं.

इतकं तापतं तरी काय?

लोहाराच्या भट्टीत लोखंड घातलं की आधी नुसतं गरम लागतं, मग लालभडक होतं, अजून तापवलं की पिवळसर आणि शेवटी पांढरट. म्हणजे वस्तू जितकी तापेल तितका तिचा उजेड हार्मोनियमवर वरच्या पट्टीकडे सरकत जातो. सूर्याचा पृष्ठभाग साधारण 5,500 अंश सेल्सिअस, म्हणून तो दिसणाऱ्या उजेडात झळकतो. आता हेच तापमान 10 लाख, 1 कोटी, 10 कोटी अंशांपर्यंत नेलं तर? मग ती वस्तू मुख्यतः एक्स-रे सोडते. (तापमानाशिवाय, चुंबकीय क्षेत्रात सुसाट धावणाऱ्या कणांमधूनही एक्स-रे निघतात, पण त्यात आत्ता शिरत नाही.)

म्हणजे एक्स-रेच्या नजरेने आकाश बघितलं की शांत, समंजस तारे जवळपास गायब होतात आणि दिसतं ते फक्त जिथे काहीतरी भयंकर चाललंय ते. गावाचा असा नकाशा काढा ज्यात घरं, झाडं, रस्ते काहीच नाही, फक्त जिथे जिथे आत्ता भांडण चालू आहे ते ठिपके. तसा हा नकाशा.

आपला सूर्य या नकाशात अगदीच किरकोळ. त्याच्या एकूण उजेडाचा ढोबळमानाने दहा लाखावा भाग एक्स-रेमध्ये येतो, आणि तोही पृष्ठभागावरून नाही तर वरच्या विरळ आवरणातून, ज्याला करोना म्हणतात. त्याचं तापमान 10-20 लाख अंश. शेगडीपासून लांब जावं तसा चटका वाढावा असा हा उलटा प्रकार आहे, यात सूर्याच्या चुंबकीय क्षेत्राचा हात आहे एवढं कळलंय पण नेमकं कसं यावर अजून वाद चालूच आहेत. 2023 मध्ये गेलेल्या आपल्या आदित्य-एल1 यानावर सूर्याचे एक्स-रे मोजणारी दोन उपकरणं आहेत.

मग डोंगरावर दुर्बीण लावून का नाही बघत?

मलाही आधी असंच वाटलं होतं. एक्स-रे आपल्या हातातून आरपार जातात तर हवेतून सहज यायला पाहिजेत ना?

गोची अशी की हवा दिसत नाही पण आहे भरपूर. आपल्या डोक्यावर जेवढी हवा आहे तिचं वजन साधारण 10 मीटर खोल पाण्याएवढं आहे, म्हणजे तीन मजली बिल्डिंगएवढं पाणी डोक्यावर. दवाखान्यातला एक्स-रे वीतभर जाडीच्या शरीरातून जातो, तीन मजली पाण्यातून नाही जात. शिवाय आकाशातून येणारे बहुतेक एक्स-रे दवाखान्यातल्यापेक्षा कमी ताकदीचे, ते तर खूप वरच अडकतात. डोंगर चढून काही फरक पडत नाही, बलूनने 35-40 किलोमीटर वर गेलात तर फक्त जास्त ताकदीचे थोडेफार मिळतात, बाकीच्यांसाठी सरळ अंतराळातच जायला लागतं.

हे आपल्या चांगल्यासाठीच आहे म्हणा. हवेने हे किरण अडवले नसते तर आपण इथे नसतोच. आणि ग्रहणात वेगळे घातक किरण येतात म्हणून जेवू नका असं सांगणाऱ्यांसाठी, ग्रहणात नवीन कुठलेही किरण तयार होत नाहीत आणि सूर्याचे एक्स-रे ग्रहण असो नसो हवा अडवतेच. उघड्या डोळ्यांनी सूर्याकडे बघायचं नाही एवढंच खरं, जेवणाचा काही संबंध नाही.

गेले चंद्र बघायला

दुसरं महायुद्ध संपल्यावर जर्मनांची व्ही-2 रॉकेटं अमेरिकेच्या हाती लागली, त्यावर उपकरणं बसवून 1940 च्या दशकाच्या शेवटी सूर्याचे एक्स-रे पकडले गेले. पण सूर्य शेजारी म्हणून जमलं. दुसरा कुठलाही तारा सूर्याइतकेच एक्स-रे सोडत असेल तर इतक्या लांबून ते पकडणं त्या काळातल्या उपकरणांना शक्यच नव्हतं. त्यामुळे बहुतेकांचं म्हणणं, या विषयात दम नाही.

इटलीतून अमेरिकेत आलेला रिकार्डो जियाकोनी नावाचा तरुण शास्त्रज्ञ, त्याच्यासोबत ब्रुनो रोस्सी आणि इतर काही जण, यांनी तरी एक रॉकेट सोडायचं ठरवलं. उद्देश काय लिहिला, तर चंद्र. सूर्याचे एक्स-रे चंद्रावर पडल्यावर चंद्राची माती चमकते का ते बघायचं. जून 1962 मध्ये न्यू मेक्सिकोच्या वाळवंटातून ते रॉकेट उडालं, पाच-सहा मिनिटं हवेच्या वर राहिलं आणि खाली आलं. चंद्राचं काही सापडलं नाही. पण दक्षिणेकडे, वृश्चिक राशीच्या बाजूला काहीतरी इतकं झगझगीत होतं की त्यांना आधी आपलंच उपकरण बिघडलंय की काय हे तपासायला लागलं. शिवाय सगळ्या आकाशभर एक मंद एक्स-रे उजेड पसरलेला सापडला, तो वेगळाच.

त्या झगझगीत गोष्टीचं नाव पडलं स्कॉर्पियस एक्स-1. पुढे कळलं की ती साधारण 9,000 प्रकाशवर्षं लांब आहे, साध्या दुर्बिणीत एक य:कश्चित निळसर ठिपका, आणि दिसणाऱ्या उजेडाच्या कितीतरी पट जास्त ती एक्स-रेमध्ये ओकते. सूर्याच्या बरोबर उलटं गणित. असा तारा असतो हेच कुणाच्या स्वप्नात नव्हतं.

1970 मध्ये केनियाच्या किनाऱ्याजवळच्या समुद्रातल्या तळावरून खास एक्स-रेसाठीचा पहिला उपग्रह गेला. तो दिवस होता 12 डिसेंबर, केनियाचा स्वातंत्र्यदिन, म्हणून नाव ठेवलं उहुरू, स्वाहिलीत स्वातंत्र्य. त्याने तीनशेच्या वर असे स्रोत शोधले. जियाकोनीला 2002 मध्ये नोबेल मिळालं. चंद्र बघायला निघून नोबेलपर्यंत पोचलेला माणूस.

पडण्याचा उजेड

आता मुख्य मुद्दा, आणि मला यातलं सगळ्यात आवडलेलं. स्कॉर्पियस एक्स-1 ला एवढी ताकद येते कुठून?

कोयनेचं पाणी सह्याद्रीतून खाली पोफळीकडे सोडतात आणि वीज तयार होते. पाण्यात मुळात वीज वगैरे काही नसते, ते उंचावरून पडतं एवढंच त्याचं भांडवल. जितकं खोल पडेल आणि खाली ओढणारी शक्ती जितकी जास्त, तितकी जास्त ऊर्जा. आता पृथ्वीच्या जागी अशी वस्तू ठेवा जिच्यात सूर्यापेक्षा जास्त माल पुणे शहराएवढ्या गोळ्यात ठासून भरलाय. तिला म्हणतात न्यूट्रॉन तारा, मोठा तारा मेल्यावर मागे उरणारा गाभा. त्याच्यावर तुम्ही 200 ग्रॅमचा एक हापूस आंबा वरून सोडलात तर तो प्रकाशाच्या निम्म्याहून जास्त वेगाने आदळेल, आणि मी ढोबळ हिशोब करून बघितला तर त्यातून हिरोशिमावरच्या बॉम्बच्या चाळीस-पन्नास पट ऊर्जा निघते. एका आंब्यातून.

तारे ज्या पद्धतीने जळतात, म्हणजे हायड्रोजनचं हेलियम करून, त्यात वस्तुमानाच्या एक टक्काही ऊर्जा मिळत नाही, 0.7 टक्के मिळते. न्यूट्रॉन तारा किंवा ब्लॅक होलकडे नुसतं पडण्यातून दहा टक्क्यांच्या घरात मिळू शकते. विश्वातली सगळ्यात जोरदार भट्टी अणुभट्टी असेल असं मला वाटायचं, तर नाही, सगळ्यात जोरदार भट्टी म्हणजे नुसतं पडणं.

आणि पडायला माल कुठून येतो? शेजाऱ्याकडून. बरेच तारे जोडीने राहतात. जोडीतला एक मरून न्यूट्रॉन तारा झाला आणि दुसरा जवळच जिवंत असला की मेलेला जिवंताचा वायू ओढत बसतो. हा वायू सरळ खाली पडत नाही कारण दोघंही एकमेकांभोवती फिरतायत, त्यामुळे मोरीच्या जाळीपाशी पाणी गरगरतं तसा तो आधी गोल फिरत एक तबकडी बनवतो. आतला थर जोरात फिरतो, बाहेरचा हळू, एकमेकांना घासतात, तापतात. आतल्या कडेला तापमान कोटीच्या घरात जातं. तोच एक्स-रे.

पण ब्लॅक होलमधून उजेड बाहेर येत नाही ना?

नाहीच येत. आत गेलेलं काहीच परत येत नाही. पण वर सांगितलेली तबकडी आत नसते, बाहेर असते. विहिरीत पडलेला माणूस दिसत नसला तरी काठावरची घसरगुंडी आणि तिथली बोंबाबोंब बाहेर ऐकू येतेच की. ब्लॅक होलचे एक्स-रे म्हणतात ते उंबरठ्याबाहेरच्या वायूचे शेवटचे हातवारे. आणि ज्या ब्लॅक होलजवळ पडायला काहीच नाही ते एक्स-रेतही काळंच असतं. आपल्या आकाशगंगेच्या मध्यावर, धनु राशीच्या दिशेला, सूर्याच्या 40 लाख पट वजनाचं ब्लॅक होल आहे, पण बिचारं बहुतेक वेळ उपाशी, म्हणून अगदी मिणमिणतं, मधूनच काहीतरी तोंडात पडलं की तासाभरासाठी भडकतं.

ब्लॅक होलच आहे कशावरून?

हा आक्षेप योग्य आहे, आणि शास्त्रज्ञांनीही तो बरीच वर्षं लावून धरला होता. हंस तारकासमूहात सिग्नस एक्स-1 नावाचा स्रोत 1964 मध्ये रॉकेटने सापडला. 1971-72 च्या सुमाराला लक्षात आलं की तिथे एक मोठा निळा तारा आहे आणि तो 5.6 दिवसांत कुणाभोवती तरी फेरी मारतोय, पण तो कुणीतरी दुर्बिणीत दिसत नाही.

अंधारात दोघीजणी फुगडी खेळतायत असं समजा. एकीने चमकीची साडी नेसलीय ती दिसते, दुसरी काळ्या साडीत, दिसतच नाही. पण दिसणारी किती जोरात आणि किती मोठ्या गोलात फिरतेय यावरून न दिसणारीचं वजन काढता येतं. सिग्नस एक्स-1 मधल्या न दिसणारीचं वजन 2021 च्या मोजणीप्रमाणे सूर्याच्या 21 पट आहे. न्यूट्रॉन तारा इतका जड होऊच शकत नाही, दोन-अडीच सूर्यांच्या पुढे तो स्वतःच्याच वजनाने कोसळतो.

दुसरा पुरावा फडफडण्याचा. तिथून येणारे एक्स-रे सेकंदाच्या हजाराव्या भागातही कमीजास्त होतात. इतक्या वेळात प्रकाश फक्त 300 किलोमीटर जातो, म्हणजे ती फडफड होते ती जागा साधारण त्याहून मोठी असू शकत नाही, नाहीतर एका टोकाची खबर दुसऱ्या टोकाला वेळेत पोचणार कशी? 21 सूर्यांचा माल मुंबई ते कोल्हापूर एवढ्या अंतरात. आणि तिसरी गंमत, न्यूट्रॉन ताऱ्याला पृष्ठभाग असतो, त्यावर माल साठत जातो आणि मधूनच त्याचा भडका उडतो. ब्लॅक होलला पृष्ठभागच नाही, साठणार कुठे, म्हणून तसे भडके तिथे दिसत नाहीत.

स्टीफन हॉकिंगने 1974 मध्ये किप थॉर्न या दुसऱ्या शास्त्रज्ञाशी पैज लावली होती की सिग्नस एक्स-1 ब्लॅक होल नाही. आयुष्य ब्लॅक होलवर घातलेला माणूस उलटी पैज का लावेल? त्याचं लॉजिक इन्शुरन्सचं, ब्लॅक होल नसतातच असं निघालं तर निदान पैज तरी जिंकेन. 1990 मध्ये त्याने हार मानली आणि थॉर्नच्या घरी वर्षभर एक चावट मासिक सुरू झालं.

आरसा आडवा लावतात

थोडक्यात सांगते, कारण भारी आहे. एक्स-रे साध्या आरशावर समोरून मारले तर ते परत फिरत नाहीत, आत घुसतात. मग दुर्बीण बनवायची कशी? तळ्यावर चपटा दगड तिरका फेकला की तो टप्पे घेत जातो, सरळ वरून टाकला की बुडतो. तसंच, एक्स-रेला आरशाला चाटून जाऊ द्यायचं. म्हणून या दुर्बिणींचे आरसे थाळीसारखे नसतात तर एकात एक बसवलेल्या नळ्यांसारखे असतात.

यातली सगळ्यात धारदार नजर चंद्रा दुर्बिणीची. जुलै 1999 मध्ये कोलंबिया शटलमधून गेली, पृथ्वीपासून लांबात लांब जाते तेव्हा चंद्राच्या एक तृतीयांश अंतरापर्यंत पोचते. नाव सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्यावरून. हे 1930 मध्ये, वय अवघं 19, मुंबईहून बोटीने इंग्लंडला शिकायला निघाले आणि बोटीवर वेळ जात नव्हता म्हणून गणित करत बसले, त्यातून निघालं की मेलेल्या ताऱ्याचा गाभा एका ठरावीक वजनाच्या, आजच्या हिशोबाने सूर्याच्या 1.4 पटीच्या, वर गेला तर तो पांढरा बटू (सूर्यासारखा तारा विझल्यावर उरणारा छोटा, घट्ट गोळा) म्हणून टिकू शकत नाही, कोसळतो. त्यासाठी नोबेल मिळालं 1983 मध्ये, तब्बल 53 वर्षांनी. न्यूट्रॉन तारे, ब्लॅक होल, हे सगळं त्या बोटीवरच्या गणितापासून सुरू होतं म्हटलं तरी चालेल.

आत्याने दाखवलेला फोटो

तो गोळा म्हणजे शर्मिष्ठा तारकासमूहातला कॅसिओपिया-ए, फुटलेल्या ताऱ्याचा ढिगारा. साधारण 11,000 प्रकाशवर्षं लांब, आणि त्या स्फोटाचा उजेड पृथ्वीवर पोचला तो साधारण साडेतीनशे वर्षांपूर्वी, म्हणजे शिवाजी महाराजांच्या काळाच्या आसपास. चंद्रा दुर्बिणीने पहिला अधिकृत फोटो याचाच काढला आणि मधोमध एक बारीक ठिपका सापडला, मागे उरलेला न्यूट्रॉन तारा.

हा मात्र पडण्याचा उजेड नाही, फुटण्याचा आहे (तसं बघायला गेलं तर तो स्फोटही गाभा आत कोसळल्यामुळेच झाला, म्हणजे मुळाशी पुन्हा पडणंच). फुटलेला माल हजारो किलोमीटर सेकंदाला वेगाने आजूबाजूच्या वायूवर आदळतोय आणि कोट्यवधी अंश तापलाय. आणि तापलेलं प्रत्येक मूलद्रव्य हार्मोनियमवर आपापल्या ठरलेल्या पट्ट्या दाबतं. सिलिकॉनची वेगळी, गंधकाची वेगळी, लोखंडाची वेगळी. त्यामुळे कुठल्या भागात काय आहे ते थेट वाचता येतं. नुसतं लोखंडच तिथे पृथ्वीच्या वजनाच्या 70,000 पट आहे असा चंद्रा दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून अंदाज आहे. आणि त्या यादीत कॅल्शियमही आहे.

म्हणून मग मी आत्याला सांगितलं, याचं काही मोडलेलं नाही, उलट तुझं जे मोडलं ते बनवायचा माल यात आहे. तुझ्या मनगटातलं कॅल्शियम असल्याच कुठल्यातरी ताऱ्यांमध्ये आणि त्यांच्या स्फोटांत तयार झालं, हा नव्हे, सूर्य जन्मायच्याही आधीच्या. तिने फोटो परत बघितला आणि म्हणाली, "मग डॉक्टर गोळ्या कशाला देतायत?"

रंग मात्र खोटे ना?

खोटे नाहीत, लावलेले आहेत. एक्स-रेला आपल्या डोळ्यांच्या हिशोबाने रंगच नाही. दुर्बीण काय करते, तर येणारा एकेक कण मोजते, कुठून आला, कधी आला, किती ताकदीचा होता. मग कमी ताकदीच्यांना लाल, मधल्यांना हिरवा, जास्तवाल्यांना निळा, किंवा प्रत्येक मूलद्रव्याला एक रंग. पेपरात पावसाच्या नकाशात जास्त पावसाचा जिल्हा गडद निळा दाखवतात, म्हणून कुणी रत्नागिरी निळी आहे का विचारत नाही. फक्त फॉरवर्ड करणारे ही गोष्ट खाली लिहीत नाहीत, तो वेगळा प्रॉब्लेम.

गॅलेक्सींच्या मधल्या रिकाम्या जागेत

शर्मिष्ठेच्या शेजारीच ययाति तारकासमूह. (देवयानीही बाजूलाच, आकाशातही तिघांची सुटका नाही.) ययातिच्या दिशेला, 25 कोटी प्रकाशवर्षांच्या आसपास, हजारो गॅलेक्सींचा, म्हणजे पुस्तकी मराठीत दीर्घिकांचा, एक मोठा झुबका आहे. साध्या फोटोत गॅलेक्सींच्या मधे काळोख दिसतो, रिकामं. एक्स-रेत तोच काळोख उजळून निघतो, कारण सगळीकडे कोट्यवधी अंश तापलेला वायू भरलाय. आणि वजन केलं तर सगळ्या गॅलेक्सींमधल्या सगळ्या ताऱ्यांपेक्षा हा मधला वायू कितीतरी पट जास्त भरतो. म्हणजे आपण वाड्यातले दिवे मोजत होतो आणि वाडा बघितलाच नव्हता.

इतका तापला कसा? परत तेच, पडून. सगळ्या झुबक्याच्या गुरुत्वाकर्षणाने ओढला जाऊन आत कोसळला आणि तापला. पण तिथे आपण नेलो गेलो तर भाजणार नाही हं, कारण तो प्रचंड विरळ आहे, लिटरभर जागेत एखाद-दुसरा कण, गाभ्याकडे थोडे जास्त. दिवाळीत फुलबाजीची ठिणगी हजारभर अंशांची असते, हातावर पडली तर नुसतं टोचतं, आणि उकळतं पाणी फक्त 100 अंश पण पडलं की दवाखाना. तापमान वेगळं आणि एकूण उष्णता वेगळी.

इथे एक कोडं होतं. वायू एक्स-रे सोडतोय म्हणजे थंड होतोय, मग तो थंड होऊन त्याचे ढीगभर नवे तारे का बनत नाहीत? चंद्रा दुर्बिणीच्या फोटोंमध्ये 2003 मध्ये या वायूत लाटा दिसल्या, तळ्यात दगड टाकल्यावर उठतात तशा. झुबक्याच्या मधल्या गॅलेक्सीतलं ब्लॅक होल जोरदार फवारे मारून वायूत पोकळ फुगे करतं आणि त्यातून दाबाच्या लाटा, म्हणजे आवाजच, बाहेर पसरतो. हा सूर मध्य सप्तकाच्या 57 सप्तकं खाली आहे, एक लाट जायला कोटभर वर्षं लागतात. बहुतेक हीच हालचाल वायूला थंड होऊ देत नाही. 2022 मध्ये ब्लॅक होलचा आवाज म्हणून एक भुताटकी क्लिप फिरली होती ती याचीच, पण कुणी तिथे माईक लावला नव्हता, लाटांच्या आकड्यांना 57-58 सप्तकं वर चढवून ऐकवलं होतं. 2016 मध्ये जपानच्या हितोमी उपग्रहाने या वायूचा खळबळाट मोजला, सेकंदाला 164 किलोमीटर, म्हणजे अपेक्षेपेक्षा शांतच. हितोमी महिन्याभरातच मोडला, बिचारा. त्याचा धाकटा भाऊ क्रिझम 2023 पासून काम करतोय.

अजून एक उदाहरण सांगितल्याशिवाय राहवत नाही. बुलेट क्लस्टर, दोन झुबके एकमेकांवर आदळून पार गेले. अरुंद गल्लीत दोन वराती समोरासमोर आल्या तर काय होतं, बँडवाले एकमेकांत अडकतात, बाईकवाली पोरं फटीतून पार निघून जातात. इथे वायू अडकला, गॅलेक्सी पार गेल्या. वजन जास्त वायूचं, त्यामुळे गुरुत्वाकर्षण वायूपाशी जास्त असायला हवं, पण 2006 मध्ये मोजलं तर ते गॅलेक्सींसोबत पुढे निघून गेलेलं. म्हणजे न दिसणारं, कशातच न अडकणारं काहीतरी वरातीत होतं आणि तेच सगळ्यात जड होतं. डार्क मॅटरचा हा सगळ्यात गाजलेला पुरावा. सगळ्यांना पटलाय असं नाही, गुरुत्वाकर्षणाचे नियमच बदला म्हणणारेही आहेत, पण या फोटोपुढे त्यांना बरीच कसरत करायला लागते.

ते 1962 मध्ये सापडलेलं मंद धुकं आठवतंय? तेही सुटत आलंय. चंद्रा दुर्बिणीने आकाशाच्या एका चिमुकल्या तुकड्याकडे एकूण 70 लाख सेकंद टक लावून बघितलं, म्हणजे 80 दिवस. धुक्याचे ठिपके झाले, बहुतेक ठिपके लांबच्या गॅलेक्सींमधली खात बसलेली ब्लॅक होल. पौर्णिमेच्या चंद्राएवढ्या जागेत साधारण 5,000, या हिशोबाने. 2023 मध्ये तर एक असं सापडलं जे विश्व 47 कोटी वर्षांचं असतानाच अवाढव्य झालं होतं. इतक्या लवकर एवढं कसं वाढलं यावर येल विद्यापीठातल्या प्रियंवदा नटराजन यांचं म्हणणं आधीपासून असं होतं की काही ब्लॅक होल ताऱ्यांपासून न बनता थेट वायूचा ढग कोसळून मोठीच जन्माला येतात. हे सापडलेलं त्या वर्णनात बसतं.

आपण यात कुठे?

बऱ्यापैकी आत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची मंडळी 1960 च्या दशकापासून हैदराबादहून बलून सोडून एक्स-रे मोजतायत. 1975 च्या आर्यभट उपग्रहावरही एक्स-रेचं उपकरण होतं, पण चार-पाच दिवसांत वीजपुरवठा बिघडला आणि प्रयोग बंद पडले. मग 28 सप्टेंबर 2015 ला अ‍ॅस्ट्रोसॅट हा आपला उपग्रह गेला. त्याचा एक्स-रे टेलिस्कोप टाटा संस्थेतच, कुलाब्यात बनला, सोन्याचा थर दिलेल्या पातळ आरशांचा, आणि अजून एका उपकरणाचं काम पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतून चालतं. पाच वर्षांसाठी पाठवलेला, दहा वर्षं ओलांडली त्याने. 1 जानेवारी 2024 ला एक्स्पोसॅट गेला, तो एक्स-रेच्या लहरी कुठल्या दिशेने डोलतायत ते बघतो.

आणि उपयोग काय, हा प्रश्न आत्यानेही विचारला. मी पाककृतीसारखं उत्तर द्यायचा प्रयत्न केला, जमलं नाही. माझ्यापुरतं इतकंच की रात्री गच्चीवर गेले की वृश्चिकेकडे बघताना आता तिथे कोण कुणाला गिळतंय ते माहीत असतं.

चंद्राचं राहिलंच. जियाकोनीला जे बघायचं होतं ते 1990 मध्ये जर्मनीच्या रोसॅट उपग्रहाने टिपलं, एक्स-रेत चमकणारी चंद्रकोर. गंमत म्हणजे त्यात अंधाऱ्या भागातूनही थोडे एक्स-रे आलेले, आणि 2001 मध्ये चंद्रा दुर्बिणीने खऱ्या चंद्राकडे बघितलं, त्यावरून पुढे कळलं की ते चंद्राचे नाहीतच, पृथ्वीभोवतीच्या विरळ वायूचे आहेत, म्हणजे आपल्याच घराच्या काचेवरची चमक. आता चांद्रयान-2 वरचं एक उपकरण चंद्राभोवती फिरत हेच काम करतं. सूर्याचे एक्स-रे चंद्राच्या मातीवर पडतात, प्रत्येक मूलद्रव्य आपापला एक्स-रे परत सोडतं, ते मोजून नकाशा बनवतात, कुठे अ‍ॅल्युमिनियम, कुठे मॅग्नेशियम, कुठे लोखंड. म्हणजे इथे आत्याचं बरोबर होतं. मशीन सूर्य, पेशंट चंद्र, प्लेट आपली.

प्लास्टर निघालं त्या दिवशी तिला हे सांगितलं. "आणि कॅल्शियम?" तिने विचारलं. म्हटलं, आहे, तेही दिसतं.